गाणं ऐकणाऱ्याने काय वाचावं, कुठे शोधावं
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी गवई नाही आणि संगीताचा प्राध्यापकही नाही. घर देवासला, राज्य सरकारची नोकरी धारला, शिक्षण डिप्लोमा, तोही सिव्हिलचा. आपल्याकडे म्हणतात ना, तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं, त्यातला मी एक. मंडळाच्या गाण्याच्या कार्यक्रमानंतर बरेच जण विचारतात, "गाणं आवडतं हो, पण कळत नाही. वाचायचं काय, ऐकायचं काय?" आज तेवढंच बोलणार आहे.

गणपतीच्या मांडवात एक नाव आधी घेतलं पाहिजे. पंडित विष्णु नारायण भातखंडे गेले ते गणेश चतुर्थीलाच, १९ सप्टेंबर १९३६ रोजी. व्यवसायाने वकील. पण गवयांच्या गळ्यात आणि पेटीबंद वह्यांत अडकलेलं गाणं त्यांनी तुमच्या-आमच्यासारख्यांना वाचता येईल असं कागदावर आणलं. 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग, त्यात बंदिशी स्वरलिपीसह. आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग मराठीत, गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य तेच विचारतो जे आपल्याला विचारायचं असतं पण लाज वाटते. ज्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचताना अडखळायला होतं (आपल्या माळव्यात अशी मुलं घरोघर आहेत), त्यांच्यासाठी हाथरसच्या संगीत कार्यालयाने याचा हिंदी अनुवाद 'भातखंडे संगीतशास्त्र' या नावाने काढलेला आहे. तेव्हा मराठी येत नाही ही सबब चालणार नाही.

स्वरलिपीला घाबरू नका. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. खाली टिंब म्हणजे खालचं सप्तक, वर टिंब म्हणजे वरचं. गुणाकाराची खूण म्हणजे सम, शून्य म्हणजे खाली. अर्ध्या तासाचं काम आहे.

पुस्तक हातात असल्याने कानाला काय मिळतं, त्याचं एक उदाहरण देतो. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर अगदी सारखे, सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. नुसतं ऐकणारा म्हणेल, एकच राग. पुस्तक सांगतं की भूप कल्याण थाटाचा, संध्याकाळचा, त्याचा जीव गंधारावर. देशकार बिलावल थाटाचा, सकाळचा, त्याचा भर धैवतावर. हे वाचून आधी किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐका, मग कुणाही चांगल्या गायकाचा देशकार ऐका. गायक कुठे थांबतो, कुठे परत परत येतो एवढंच पाहा. आठवडाभरात फरक कानाला कळू लागतो, आणि एकदा कळला की तो विसरता येत नाही. रोज नवा राग ऐकणाऱ्यापेक्षा महिनाभर दोनच राग ऐकणारा पुढे जातो असं माझं मत आहे.

सुरुवात तासाभराच्या ख्यालापासून करू नये. जुन्या ७८ च्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई केरकर तेवढ्यात राग उभा करून मोकळे होतात. आपणही एका बैठकीत तीच तबकडी दहा वेळा ऐकू शकतो. केसरबाईंची अशीच एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली आहे. आपल्याला फक्त मोबाइल उघडायचा आहे.

मोबाइलवर माल भरपूर, अडचण निवडीची आहे. यूट्यूबवर कुणीही काहीही चढवतो. रागाचं नाव चुकीचं, साल अंदाजे, कधी गायकही दुसराच! म्हणून नाव दोन ठिकाणी पडताळून घ्यावं. त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणजे प्रसार भारतीच्या संग्रहातली ध्वनिमुद्रणं. आकाशवाणीची 'रागम्' ही शास्त्रीय संगीताची वाहिनी २०१६ पासून चोवीस तास चालू आहे, ती 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅपवर मिळते. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीच्या संकेतस्थळावर प्रहराप्रमाणे रागांचे नमुने आहेत. राजन पर्रीकरांचे रागांवरचे लेख इंग्रजीत आहेत, पण मुद्दा सांगितला की लगेच त्याचा ध्वनी ऐकवतात, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी निभतं. शिस्तीने शिकायचं असेल तर आयआयटी मद्रासच्या लक्ष्मी श्रीराम यांचा हिंदुस्थानी संगीताच्या आस्वादावरचा पाठ्यक्रम एनपीटीईएलवर विनामूल्य पाहता येतो. मराठीत शब्दांचे अर्थ हवे असतील तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. घराणी समजून घ्यायला मात्र पुस्तकच लागेल, वामनराव देशपांडे यांचं 'घरंदाज गायकी'.

आता देवासकडे येतो. इथून इंदूरमार्गे जेमतेम शंभर किलोमीटर. रजब अली खाँ तिथलेच, आणि लतादीदींना शिकवणारे अमानत खाँही देवासवालेच म्हणून ओळखले जात. १९४८ मध्ये क्षयाने आजारी असलेले कुमारजी तिथे हवापालटासाठी आले. अंथरुणावर पडून त्यांनी आपल्या माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली. गाणं बंद असताना त्यांनी जे केलं ते ऐकण्याचंच काम होतं, आणि त्यातून मालवती, संजारी, लगनगंधार असे राग पुढे आले. 'अनूपरागविलास' हे त्यांच्या बंदिशींचं पुस्तक १९६५ चं, स्वरलिपीसह. 'मुक्काम वाशी'मध्ये त्यांनी शिबिरात केलेलं विवेचन आहे. ते बोलल्यासारखंच छापलंय, म्हणून नवख्याने तिथून सुरुवात करावी. जब्बार पटेलांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला 'हंस अकेला' हा माहितीपटही पाहावा.

ही पुस्तकं बाजारात प्रत्येक वेळी मिळत नाहीत. मिळतात कुठे, तर आपल्याच घरांतल्या कपाटांत. धार-देवासच्या जुन्या वाड्यांत आजोबांनी मागवलेले भातखंडे, टेंब्यांचा 'माझा संगीत व्यासंग', देवधरांचे 'थोर संगीतकार' अजून निघतात. वाडा विकला की ती किलोच्या भावाने रद्दीत जातात, कारण पुढच्या पिढीला अक्षर लागत नाही आणि विचारणारं कुणी नसतं. गेल्या काही वर्षांत मी रद्दीवाल्याकडून अशी चार पुस्तकं उचलून आणली. त्यातल्या एकाच्या समासात कुणीतरी पेन्सिलने बंदिशींपुढे गायकांची नावं आणि तारखा लिहिल्या आहेत. कुठल्या बैठकीत काय ऐकलं त्याचा तो हिशेब आहे, आणि तो इंटरनेटवर कुठेच सापडणार नाही.

मंडळाच्या कार्यालयात एक कपाट रिकामं आहे, ते अध्यक्षांनी द्यायचं कबूल केलं आहे. घरी संगीताचं मराठी किंवा हिंदी पुस्तक, जुनी कॅसेट, तबकडी काहीही असेल तर रद्दीत देण्याआधी मला निरोप द्या. द्यायचं नसेल तर देऊ नका, नुसतं नाव आणि कुणाच्या घरी आहे एवढं सांगा, मी यादीत लिहून घेतो. यादीची वही चतुर्दशीपर्यंत इथेच टेबलावर ठेवली आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी कार्यालयात असतो. येताना मोबाइल चार्ज करून आणा, पहिल्या रविवारी भूप आणि देशकार ऐकायचे आहेत.