परीक्षेंतील अधिक तास



बीड जिल्ह्यांतील शिरूर कासार तालुक्यांत दिवाळीच्या सुमारास अनेक घरांस कुलपें लागतात. मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबें ऊसतोडीस जातात आणि मुलांची शाळा मध्येंच तुटते. अशा गांवीं मुलास वाचतां आलें नाहीं, तर ‘शाळा बुडाली’ एवढें कारण सर्वांस पुरतें. परंतु त्याच वर्गांत एखादें मूल वर्षभर हजर असतें, तोंडीं उत्तरें चोख देतें, आणि कागदावर मात्र अक्षरांची उलटापालट करतें. त्यास ‘आळशी’ म्हणून आपण मोकळे होतों.

बुद्धि शाबूत असतांना वाचन, लेखन किंवा गणित यांत अशी कायमची अडचण असणें, यास अध्ययन-अक्षमता म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें तिला आपल्या यादींत स्थान दिलें. परीक्षेंत अधिक वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेंतून सूट, हे उपाय त्या कायद्यांतच नमूद आहेत. लेखनिकास पात्र असणाऱ्यास तासामागें निदान २० मिनिटें अधिक द्यावींत, असें केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांत सांगितलें होतें. म्हणजे ३ तासांच्या प्रश्नपत्रिकेस १ तास. केवळ अवधान टिकत नाहीं अशा मुलांचा मात्र त्या यादींत स्वतंत्र उल्लेख नाहीं, ही उणीव आहे.

कोणी विचारील, हा पक्षपात नव्हे काय? परीक्षा इतिहासाची असतां गुण हाताच्या वेगास द्यावे, हाच खरा पक्षपात होय.

२०२१ सालीं वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत मुंबईच्या एका केंद्रावर लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीस हा अधिक तास नाकारण्यांत आला. तिच्यावर अन्याय झाला, हें सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं मान्य केलें. पुनःपरीक्षेचा आदेश मात्र दिला नाहीं. गेलेला तास न्यायालयाच्या दारींही परत मिळत नाहीं.

म्हणून तजवीज आधींच हवी. मूल तिसरी-चौथींत असतांनाच शंका शिक्षकांच्या कानीं घालावी, सरकारी रुग्णालयांतून तपासणी व प्रमाणपत्र मिळवावें आणि शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे वेळेवर अर्ज करावा. शहरांतील घरास हें साधतें. ऊसतोड कुटुंबास मात्र प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. त्या मुलाच्या वतीनें अर्ज लिहून देणारा एखादा शिक्षक, एखादा नातलग आपल्यापैकींच निघाला पाहिजे. आणि तोही परीक्षेच्या पुष्कळ आधीं.