वाचलेला वेळ कोणाचा?

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



चाळीस मुलांचा वर्ग आणि दहा प्रश्नांची चाचणी म्हणजे चारशे उत्तरे. ती शिक्षक रात्री घरी बसून तपासतो. गुण मुलांच्या हाती पडेपर्यंत धडा पुढे गेलेला असतो. गूगल फॉर्म्ससारख्या साधनाने हे काम क्षणात होते. उत्तरसूची एकदा भरून ठेवली की पुढची तपासणी यंत्र करते. प्लिकर्स या साधनात तर मुलांजवळ फोनही लागत नाही. प्रत्येकाच्या हाती छापील ठशाचे एक कार्ड असते. त्याची कोणती बाजू वर धरली यावरून उत्तर ठरते आणि शिक्षकाच्या एकाच फोनचा कॅमेरा साऱ्या वर्गाची उत्तरे टिपतो. या सोयीचे स्वागतच केले पाहिजे. कारकुनी श्रमात शिक्षकाचे आयुष्य खर्ची पडावे, यात काही पावित्र्य नाही.

कल्पना जुनीच आहे. शिसपेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते, या गुणधर्माचा उपयोग अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या रेनॉल्ड जॉन्सन या विज्ञानशिक्षकाने उत्तरे तपासण्यासाठी केला. त्याच्या कामावर आधारलेले यंत्र आयबीएम कंपनीने १९३८ साली आणले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने निबंधही तपासू लागली आहेत. परंतु वर्गातील साध्या चाचणीत यंत्राची रीत बहुधा तीच आहे. ठरलेल्या उत्तराशी दिलेले उत्तर जुळते की नाही, एवढेच ते पाहते.

बावन्नातून सत्तावीस वजा करा, असा प्रश्न घ्या. एका मुलीचे उत्तर ३५ आले, एका मुलाचे २६. यंत्राच्या लेखी दोघांनाही शून्य. जाणता शिक्षक मात्र ओळखतो की, मुलगी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे. दशक सुटा करणे तिला उमगलेले नाही. मुलाची रीत बहुधा बरोबर आहे, मोजताना एक चुकला. तिच्यापुढे काड्यांचे गठ्ठे सोडावे लागतील. त्याला ‘पुन्हा मोज’ एवढे म्हणणे पुरे. याच शिक्षकाने पर्यायांत ३५ हा आकडा विचारपूर्वक ठेवला, तर किती मुले तेथेच अडली हे यंत्र तत्काळ दाखवील. तेव्हा बुद्धी शिक्षकाची आणि मोजणी यंत्राची, हा क्रम उलटता कामा नये.

तो उलटला की अन्याय किती सहज घडतो पाहा. सूचीत इंग्रजी अंक भरलेले असतील आणि मुलाने देवनागरीत २५ लिहिले, तर अक्षराला अक्षर जुळवणारे यंत्र ते चूक ठरवते. मातृभाषेत शिकणाऱ्या मुलाला आपले काय चुकले, हे कळतही नाही.

याहून मोठा प्रश्न वाचलेल्या वेळाचा आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी प्रदीर्घ संप केला. दोनांऐवजी तीन साचे चालवण्याची सक्ती हे त्यामागील एक कारण होते. श्रम वाचवण्याच्या नावाने आलेली योजना कामगाराच्या अंगावर तिसरा साचा टाकते, हा तो अनुभव. शिक्षकाच्या बाबतीतही तेच घडू शकते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई केली. तरीही माहिती भरण्याची आणि छायाचित्रे पाठवण्याची कामे त्यांच्या मागे लागलेलीच आहेत. तपासणीचे दोन तास वाचले म्हणून आणखी दोन तक्ते भरावे लागले, तर त्या मुलीपुढे काड्यांचे गठ्ठे सोडणार कोण?

मुलांच्या चुकांची नोंद कोणाजवळ राहते, हेही विचारले पाहिजे. वही घरी परत येते; परंतु यंत्रातील नोंद कंपनीच्या भांडारात जाते. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी, हे तत्त्व २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मान्य केले आहे. शाळा समित्यांतील कार्यकर्त्यांनी त्याचा आग्रह धरावा.

शिक्षक संघटनांची मागणी स्पष्ट असावी. साधने अवश्य द्या. पण वाचलेला वेळ वेळापत्रकात मागे पडलेल्या मुलांसाठी राखून ठेवा आणि यंत्राच्या गुणांवरून शिक्षकाची किंमत ठरवू नका. पस्तीस लिहिणाऱ्या मुलीशेजारी दहा मिनिटे बसायला शिक्षक मोकळा झाला, तरच ते यंत्र शाळेच्या कामी आले असे म्हणता येईल.