लायसन हातात, पण पगार कधी?

आम्ही मणिबेलीच्या बचत गटाच्या बाया. अक्कलकुवा तालुक्यातलं आमचं गाव नर्मदेच्या काठावर. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात सर्वांत आधी आमच्या गावात शिरलं. तेव्हापासून नाव हीच आमची वाट. पण आज बोलायचं आहे ते विमानाबद्दल.

मागच्या बैठकीत बचत गोळा झाली, वही मिटली. तेवढ्यात एका सभासदाची दहावीतली मुलगी म्हणाली, "मला विमान चालवायचंय. गट कर्ज देईल का?" काही जणी हसल्या. एका आजीने मात्र विचारलं, "लायसन मिळालं की लगेच पगार सुरू होतो का गं?" हसणं थांबलं. उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. मग आम्ही चौकशी केली. कळलं ते तुम्हांलाही सांगतो.

पगारी वैमानिक व्हायचं तर बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. डोळे, कान, हृदय यांची कडक डॉक्टरी तपासणी असते. डीजीसीए या सरकारी कार्यालयाच्या लेखी परीक्षा असतात आणि किमान २०० तास विमान उडवावं लागतं. आपल्या शेजारी धुळ्यालाही हे शिक्षण मिळतं. खर्च चाळीस-पन्नास लाख, कधी त्याहूनही जास्त.

एवढं करून लायसन हातात येतं. आणि खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. कारण शिकायचं विमान लहान असतं, चार-दोन माणसांचं. प्रवाशांचं मोठं विमान चालवायला त्या-त्या विमानाचं वेगळं शिक्षण लागतं. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचेही लाखो रुपये. मग कंपनीची जागा निघायची वाट पाहायची, लेखी परीक्षा द्यायची, मुलाखत द्यायची. तोवर लायसन नुसतं पेटीत ठेवून चालत नाही. डॉक्टरी तपासणी दरवर्षी करायची, हात चालू ठेवायला पैसे भरून उडायचं. काही जण तोवर विमान शिकवणाऱ्या संस्थेतच शिक्षक होतात. आणि नोकरी लागली तरी सुरुवात सहवैमानिक म्हणून, कॅप्टनच्या शेजारी बसून.

आम्हांला यात नवल वाटलं नाही. वल्हं मारायला शिकलेल्या पोराला पहिल्याच पावसाळ्यात माणसांनी भरलेली नाव कोण देतं? आधी तो जाणत्या नावाड्याजवळ बसतो. पण तोवर त्याच्या पोटाला घरचेच घालतात ना?

बाईला तर ही वाट आणखी लांब होती. प्रेम माथुर यांना १९४७ साली लायसन मिळालं. आठ कंपन्यांनी त्यांना नाही म्हटलं. बाई विमान चालवते हे कळलं तर प्रवासी घाबरतील, असं कारण सांगितलं. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतलं. पुढे १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनीच कलकत्त्याहून सिलचरला प्रवासी विमान नेलं. आणि आपल्यासारख्याच आदिवासी घरातली, ओडिशाच्या मलकानगिरीची अनुप्रिया लाक्रा. वडील पोलीस हवालदार. २०१२ साली इंजिनिअरिंग सोडून ती या शिक्षणाला लागली आणि २०१९ साली एका खासगी कंपनीत सहवैमानिक झाली. मध्ये सात वर्षं गेली. ती सात वर्षं घरच्यांनी कशी काढली असतील, त्याचा विचार करा.

आमच्याकडेही एका मुलीने नर्सिंग पूर्ण केलं आणि वर्षभर घरी बसली. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र एक महिनाही थांबला नाही. आईने बकऱ्या विकल्या. फी किती ते आम्ही सगळ्यांनी विचारलं होतं. फी संपल्यावर काय, हे कुणीच विचारलं नव्हतं.

म्हणून आता कर्जाच्या अर्जात आम्ही एक ओळ वाढवली आहे: शिक्षण संपल्यापासून पहिल्या पगारापर्यंत किती महिने लागतील, आणि तेवढे महिने हप्ता कोण भरणार? नर्सिंग असो, शिवणकाम असो की विमान, ही ओळ भरल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही.

त्या मुलीला आम्ही खरं तेच सांगितलं. पन्नास लाख आमच्या गटाच्या कुवतीत नाहीत. पण अकरावीला सायन्स घ्यायला आम्ही तिच्या पाठीशी आहोत. आधी डोळे तपासायचे, म्हणून नंदुरबारचं भाडं गटाने दिलं. जातीचा दाखला आणि जात पडताळणीची कागदपत्रं आत्तापासून गोळा करतोय. कोणती शिष्यवृत्ती लागू होते, ते तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारणार आहोत. आणि "पैसे भरा, नोकरी शंभर टक्के" असं म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही द्यायचा नाही. त्या संस्थेतून शिकून गेलेली मुलं आज कुठे आहेत, ते आधी त्यांनाच विचारायचं.

बायांनो, पुढच्या बैठकीत तुमच्या अर्जातही ही ओळ घाला. लेकीला स्वप्न बघू नको असं सांगू नका. लायसन आणि पगार यांच्या मधले महिने तिच्यासोबत बसून मोजा.