देयकांचा अडलेला प्रोग्रॅम



संगणकप्रणाली अद्ययावत केल्यानंतर आमचा देयकांचा जावा प्रोग्रॅम उघडेना. नोंदी सुरक्षित होत्या. परंतु निर्धन रुग्णांच्या सवलतीचे दर ज्या एक्सएमएल फाइलमध्ये असतात, तीच वाचली जात नव्हती. आमच्या तंत्रज्ञांनी पडद्यावरील लांबलचक त्रुटिसंदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचला (हे कंटाळवाणे काम सहसा टाळले जाते), तेव्हा उलगडा झाला. जावाच्या ८व्या आवृत्तीत अंगभूत असलेला ‘जॅक्स-बी’ हा घटक २०१८ च्या ११व्या आवृत्तीतून वगळलेला आहे. तो स्वतंत्रपणे जोडला, जुन्या देयकांशी रकमा ताडून पाहिल्या आणि मगच प्रोग्रॅम खिडकीवर सुरू केला. तोवर आम्ही पावत्या हाताने लिहिल्या. देयकापायी एकाही रुग्णाचे घरी जाणे लांबवले नाही.