मध्यरात्रीचा चित्रपट

समाजाची नीतिकल्पना केव्हां बदलली हें शोधावयाचें झाल्यास आपण बहुधा कायद्याचीं पुस्तकें चाळतों. परंतु कायदा बदलला म्हणजे मनांतील लाजही गेली, असें होत नाहीं. तें मन पाहावयाचें तर लोकांच्या करमणुकीकडे पाहावें लागतें. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा इंग्रजी संगीत चित्रपट मला याच दृष्टीनें महत्त्वाचा वाटतो.

इंग्लंडांत १९६७ सालीं, एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांचा परस्परसंमतीचा खासगी संबंध गुन्हा राहिला नाहीं. १९६८ सालीं नाटकांवरील दरबारी नियंत्रणही संपलें. पुढें पांचच वर्षांनीं, १९७३ च्या जूनमध्यें, रिचर्ड ओब्रायन यांचें मूळ नाटक लंडनच्या रॉयल कोर्टमधील वरच्या मजल्यावरील लहानशा नाट्यगृहांत झालें, आणि १९७५ सालीं जिम शार्मन यांनीं त्याचा चित्रपट केला.

नुकताच वाङ्निश्चय झालेलें एक सोज्वळ अमेरिकन जोडपें, भर पावसांत मोटारीचें चाक फुटल्यामुळें, एका गढींत आश्रयास जातें. गढीचा धनी डॉ. फ्रँक-एन-फर्टर हा स्त्रियांचीं वस्त्रें लेवून वावरतो, प्रयोगशाळेंत एक देखणा पुरुष निर्माण करतो, आणि रात्रीं वधू व वर या दोघांनाही मोहांत पाडतो. पुरुषाच्या स्त्रीवेषाचें मराठी प्रेक्षकाला नवल नाहीं. पण बालगंधर्व रंगभूमीवर येत तेव्हां प्रेक्षक स्त्रीच पाहत. टिम करी यांनीं रंगविलेला फ्रँक स्त्री असल्याची बतावणी करीत नाहीं; पुरुष राहूनच तो तो वेष मिरवितो.

कथेचा शेवट मात्र जुन्याच वाटेनें जातो. फ्रँकचे सेवकच त्याच्या अतिरेकाबद्दल त्याला ठार करतात. स्वैराचाऱ्याला शासन झालें, असें तात्पर्य कोणीही काढावें! चित्रपट प्रथम पडलाच. पण १ एप्रिल १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली चित्रगृहांत त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले, आणि प्रेक्षकांनीं तें तात्पर्य उलटें केलें. ते पात्रांसारखे वेष करून येऊं लागले, पडद्यावरील संवादांना उत्तरें देऊं लागले, लग्नाच्या प्रसंगीं तांदूळ उधळूं लागले. शासन झालेला फ्रँकच त्यांचा नायक ठरला. घरीं व कचेरींत जें लपवावें लागे, तें त्या काळोखांत लपविण्याचें कारण उरलें नाहीं. न्यूयॉर्क राज्यांत अशा संबंधांना गुन्हा ठरविणारा कायदा १९८० सालीं न्यायालयानें रद्द केला. म्हणजे तेथें प्रेक्षक कायद्याच्या चार वर्षें पुढें होते.

या चित्रपटांतील सर्वच गोष्टी मात्र आज निर्दोष वाटत नाहींत. काळोखांत फ्रँक वराचें सोंग घेऊन वधूकडे आणि वधूचें सोंग घेऊन वराकडे जातो. नायिकेचें नांव निघतांच तिला अपशब्द ओरडण्याचीही प्रेक्षकांत रीत पडली. पूर्वी यावर सरसकट हंशा होई; आतां संमतीचा प्रश्न विचारला जातो. हा जुन्या सोवळ्याचा पुनरवतार नव्हे. कोणी कोणावर प्रेम करावें ही चौकशी मागें पडून, दुसऱ्याची खुषी होती काय, ही चौकशी पुढें आली आहे. मला ही खरी प्रगति वाटते.

आपल्याकडे इंग्रजी अमदानींत, १८६० सालीं, झालेल्या दंडविधानाचें ३७७ वें कलम इंग्लंडांतील बदलानंतरही अर्धशतक टिकलें. सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं, सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतें, तें रद्द केलें. न्यायालयाचें काम तेथें झालें. घरांतील काम आईबापांचें व आम्हां शिक्षकांचें आहे. एखादें मूल आपल्याविषयीं कांहीं निराळें सांगूं पाहत असेल, तर त्याला त्यासाठीं परक्या गांवचा मध्यरात्रीचा काळोख शोधावा लागूं नये. दिवसाउजेडीं, आपल्या माजघरांत, तें त्याला बोलतां यावें, एवढीच माझी आपणांस विनंति आहे.