कोंबड्यांच्या शेडमधील ट्यूबचा उजेड कसा वाढवाल?



अंड्यावर आलेल्या कोंबडीला दिवसाकाठी सुमारे १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा. उरलेले ५ तास ट्यूबने भरून काढावे लागतात. तो उजेड कमी पडला की अंडी घटतात, आणि आपण मात्र खाद्यवाल्याच्या नावाने बोटे मोडतो!

गेल्या हिवाळ्यात एका शेडवर गेलो होतो. ट्यूबा सगळ्या चालू, पण कोपऱ्यात हातातला कागद वाचता येईना. मालक म्हणाले, "साहेब, आणखी चार ट्यूबा लावतो." मी स्टुलावर चढून एका ट्यूबवरून बोट फिरवले, तर तुसाची आणि पिसांची धूळ बोटाला लागली. नव्या ट्यूबा राहिल्या बाजूला, आधी फडके मागवले.

तेव्हा दर आठवड्याला मेन स्विच बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. ट्यूबचा उजेड चहूबाजूंना पडतो. वरचा छपराकडे वाया जातो. म्हणून पट्टीच्या वर पांढरा रंग दिलेला पत्रा बसवा, भिंतींना चुना द्या. विजेचे बिल न वाढता खाली उजेड वाढेल.

थंडीचेही असेच आहे. ट्यूबला साधारण २५ अंशांची हवा मानवते. पहाटेचे गार वारे थेट तिच्यावर आले की आतली पाऱ्याची वाफ कमी होते आणि उजेड मंदावतो. वाऱ्याच्या बाजूला पडदा लावा. पण शेड पुरती कोंडू नका, अमोनिया साचतो.

टोके काळी पडली असतील तर ट्यूब म्हातारी झाली समजा. लुकलुकत असेल तर आधी स्टार्टर बदलून पाहा. काही जण २० वॅटच्या ट्यूबला ४० वॅटचा चोक जोडतात. उजेड वाढतो खरा, पण ट्यूब लवकर जाते. हा उद्योग करू नका. नवी घ्यायचीच तर आता एलईडी घ्या. मात्र जुन्या चोकच्या पट्टीत ती चालेल का, हे वायरमनला विचारूनच बसवा.

ट्यूब फुटली तर आत पारा असतो. पडदे उघडून हवा खेळू द्या, काचा हातमोजे घालून उचला, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपा. त्या जागचे तूस काढून काचांसोबत पिशवीत बांधा. उकिरड्यावर मुळीच टाकू नका. तेच खत पुढे आपल्या रानात जाते.