चेंबरमध्ये उतरणार नाही



आम्ही परंड्यात गटारं, संडासाचे चेंबर साफ करतो. चोकअप शोधायला झाकणं उघडत जायचं. भरलेलं चेंबर आणि त्याच्या उताराचं कोरडं चेंबर, अडकलेलं त्यांच्या मधीच असतं. बांबूची कामटी घातली की चिंध्या, केस, प्लॅस्टिक निघतं. कुणी टाकलं, ते आम्ही विचारत नाही.

पण "जरा आत उतर की" म्हटलं तर साफ नाही म्हणतो. आतला वायू क्षणात माणूस पाडतो; काढायला गेलेलाही जातो. सुरक्षेच्या साधनांविना माणूस उतरवायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनीच लागू झाला. तुमच्या दारी कुणी उतरू लागला, तर आधी त्याचा हात धरा.